मागच्या दाराचा उंबरठा

ती. आईंना,
सुमनचा साष्टांग नमस्कार.

तुम्हाला पत्र लिहायची माझी ही पहिलीच वेळ. लग्न होऊन कोबेला आले ती तुमच्याच घरात, मग पत्र लिहायची वेळ येणार कधी? पण आज हिशेबाच्या वहीची मागची पानं फाडून बसले आहे, कारण तुमच्या एका प्रश्नाचं उत्तर मिळालंय. घरात सगळ्यांना सांगून झालं. तरी ते जिथे पोचायला हवं तिथे पोचलंय असं काही वाटत नाही.

कुठला प्रश्न, ते ओळखलं असेलच. भाजी निवडताना, तापात पडून असताना, एकदा तर दातांच्या डॉक्टरकडे नंबर यायची वाट बघतानासुद्धा तुम्ही मला तो विचारला होता. "सुमन, मी पाय देत नव्हते. इथल्या बायकाही पाय देत नाहीत. मग तो उंबरठा झिजवला कोणी?"

मी म्हणायचे, असेल कुणीतरी. ते उत्तर तुम्हाला कधी आवडलं नाही. "कुणीतरी म्हणजे कोण?" असं म्हणून तुम्ही पुन्हा शेंगा सोलायला लागायचात.

वरच्या चढणीवरचं शेठजींचं घर उघडलंय, आई. तुम्ही नवी नवरी होऊन आलात ते त्याच घराच्या मागच्या अंगाला. मामंजी शेठजींच्या पेढीवर कारकून, तुम्ही शेठाणींच्या स्वयंपाकघरात, आणि राहायला त्या स्वयंपाकघराला लागून दोन खोल्या. हे जन्मले तेही तिथेच. मी आले तोवर तुम्ही सगळे खाली फ्लॅटमध्ये राहायला आला होतात, त्यामुळे मी ते घर कायम कुंपणाबाहेरूनच पाहिलं. शेठजींच्या मुलांनी ते विकलं, मग तिथे कसलंसं ऑफिस झालं, भूकंपात धुराडी कोसळली, आणि त्यानंतर नुसतं कुलूप. बाजारातून येताना जवळचा रस्ता सोडून तुम्ही मला पिशव्यांसकट त्या चढणीवरून का न्यायचात, हे मला फार उशिरा कळलं. तुम्ही वर व्हरांड्याकडे कधी बघायचा नाहीत. मान वाकडी करून मागचं कौलारू छप्पर दिसतंय का, तेवढं बघायचात.

आता गावातल्या काही मंडळींनी एक समिती केली आहे आणि ते घर दुरुस्त करायला घेतलंय. इथे कधी राहिलेलं, काम केलेलं कुणी असेल तर येऊन आठवणी सांगाव्यात, असं पत्रक आलं होतं. ते वाचून दाखवलं आपल्या ईराने, जपानीत वाचलं आणि जपानीतच समजावलं. तुमच्या पणतीला मराठी समजतं सगळं, उत्तर मात्र जपानीतून येतं. हे म्हणाले, "कारकुनाच्या मुलाकडून काय ऐकायचंय त्यांना?" पण रविवारी सकाळी बघते तर दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून तयार!

बसचे पैसे वाचवायला चालतच गेलो. वर पोचलो आणि गंमत बघा. समोर मोठं फाटक सताड उघडं, आत फुलझाडं, पांढरा व्हरांडा, आणि ह्यांचे पाय आपोआप डाव्या हाताच्या बोळाकडे वळले. तुमच्या मागच्या दाराकडे! सत्तरीचा माणूस, पण पायांना लहानपणचीच वाट ठाऊक. व्हरांड्यातून एका मुलीने हाक मारली तेव्हा कुठे थांबले.

ती मोरी-सान. समितीने नेमलेली आर्किटेक्ट. वयाने आपल्या नातसुनेएवढी असेल, केसांत पेन्सिल खोचलेली, गळ्यात मापाची टेप. "इकडून या, इकडून," म्हणत तिने आम्हाला पुढच्या दाराने आत नेलं. आई, मी पुढच्या दाराने आत गेले. तुम्ही त्या घरात एवढी वर्षं काढलीत आणि त्या दाराने एकदाही आत गेला नव्हतात. उजवा पाय आधी टाकला आणि मनात म्हटलं, बघा बरं का.

आता घर कसं आहे ते सांगते. मागच्या बाजूला राहणाऱ्याला पुढचं घर कसं दिसणार?

दार उघडलं की समोर लांबलचक रुंद दालन, थेट मागच्या दारापर्यंत. मध्ये काही अडसर नाही. दोन्ही दारं उघडी टाकली की वारा समुद्राकडून आत शिरतो आणि डोंगराकडे निघून जातो. दोन्ही बाजूंना दोन-दोन खोल्या, त्यांची छतं एवढी उंच की जळमटं झाडायला शिडीच हवी. वरही असंच. खाली व्हरांडा, वर व्हरांडा, खिडक्यांना हिरव्या लाकडी पट्ट्यांच्या झिलमिल्या. आणि ते पांढरे खांब! मला वाटलं होतं दगडी असतील. मोरी-सानने बोटाने टकटक करून दाखवलं तर पोकळ लाकूड. देवदाराच्या फळ्या जोडून गोल केलेत आणि वरून दगडाचा रंग दिलाय. घर बांधून घेणाऱ्या साहेबाला दगडी खांब हवे होते, सुतार इथले. त्यांनी आयुष्यात असे खांब पाहिलेले नव्हते, म्हणून पिंप करतात तसे केले.

मी विचारलं, एवढं थंडीचं गाव, वारा बाहेर ठेवायचा सोडून आत घ्यायला घर का बांधलं? मोरी-सान हसली. म्हणाली, हा प्रश्न मलाही पडला होता. हे घर इथल्या हवेसाठी बांधलेलंच नाही. बांधणारा आठवणीतून बांधत होता.

ते असं. पहिला मालक अमेरिकेतल्या दक्षिणेकडच्या राज्यांमधला. इथे चहाचा व्यापार करायला आला. त्याच्या वडिलांचं तिकडे मोठ्या नदीकाठी असंच पांढऱ्या खांबांचं घर होतं, आणि भोवती नजर जाईल तिथवर कापूस. तो कापूस वेचायला माणसं विकत आणलेली. मजुरीवर ठेवलेली नव्हेत, आई, विकत आणलेली, बाजारातून बैल आणावा तशी. पुढे तिकडे लढाई झाली, गुलाम सुटले, कापूस गेला, घर गेलं. मुलगा समुद्र ओलांडून इथे आला, चहात पैसा केला, आणि डोंगरावर वडिलांचं घर जसंच्या तसं उभं केलं. उकाड्यासाठी बांधलेलं घर, आणि आत चार खोल्यांत चार शेगड्या पेटवून हुडहुडत बसायचं!

कापूस म्हटल्यावर माझे कान टवकारले. आमचे अण्णा खामगावला जिनिंगमध्ये होते, हे तुम्हाला माहीतच आहे. रुईच्या गाठींवर काळ्या रंगाने छाप मारलेला असायचा आणि आम्ही पोरी तो वाचायचा प्रयत्न करायचो. त्यातल्या कितीतरी गाठी मुंबईहून बोटीने इथे यायच्या. शेठजींची पेढी त्याच धंद्यातली ना? म्हणजे बघा, कापसाने बुडालेल्याने घर बांधलं आणि कापसावर तरलेल्याने ते विकत घेतलं. मी हे मोरी-सानला सांगितलं तर तिने पेन्सिल काढून लिहून घेतलं. मॅट्रिक झालेल्या बाईचं बोलणं आर्किटेक्टने लिहून घ्यावं! तुम्ही असता तर म्हणाला असतात, "हुरळू नकोस, पुढे काय झालं ते सांग."

सांगते.

मग आम्ही मागे गेलो. पाहुण्याला घर दाखवावं तसं ह्यांनी मला सगळं दाखवलं. ही चूल होती तिथे आई बसायची. इथे कोळशाची पोती. इथे बाबांची बैठक. ह्या खिळ्याला माझी शाळेची टोपी. खिळा अजून आहे, आई. खोली मात्र एवढीशी! तुम्ही सांगायचात तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर चांगली ऐसपैस यायची. हे भिंतीला हात लावून नुसतेच उभे राहिले. मग म्हणाले, "ईराला आणायला पाहिजे."

तेव्हा मोरी-सान जरा चाचरली आणि तिने खरी गोष्ट सांगितली. समितीला घर पहिल्या मालकाच्या वेळेला होतं तसं करायचंय. नंतरच्या लोकांनी जोडलेलं सगळं काढून टाकणार. राहता राहिला प्रश्न ह्या मागच्या खोल्यांचा. तिकडच्या त्या कापसाच्या घरांची पद्धत अशी की स्वयंपाकघर मुख्य घराला चिकटलेलं नसायचंच. मागे, वेगळं. आगीची भीती, उष्मा, वास, आणि रांधणारी माणसं डोळ्यांआड. इथेही पहिल्या मालकाचं असं वेगळं स्वयंपाकघर होतं, जुन्या नकाशात त्याचा चौकोन दिसतो. आता प्रश्न असा की तुमचं स्वयंपाकघर म्हणजे तेच जुनं, की ते पाडून नंतर कुणी बांधलेलं?

जुनं असेल तर राहील. नंतरचं असेल तर जाईल.

"पुरावा एकच आहे," मोरी-सान म्हणाली आणि खाली वाकली. "हा उंबरठा. एवढी झीज साठ-सत्तर वर्षांत होत नाही. इतका जुना उंबरठा इथे बसवलेला आहे, म्हणजे खोल्याही तितक्याच जुन्या, असं मी समितीपुढे मांडणार आहे."

ह्यांचा चेहरा उजळला. तुमचा उंबरठा, आई! मधोमध पन्हाळीसारखा खोलगट, तुम्ही सांगायचात अगदी तसा. मी खाली बसले आणि त्याला हात लावून नमस्कार केला. मोरी-सानला त्याचं काही नवल वाटलं नाही. तिच्या आजीनेही तिला उंबरठ्यावर पाय दिला म्हणून धपाटे घातलेत म्हणे. लाकडाच्या रेघांत अजून लालसर झाक आहे. ती म्हणाली, रंग असावा. मी म्हटलं, रंग कसला, माझ्या सासूबाईंचं हळदकुंकू ते.

आणि मग तिने त्या भोकावर बोट ठेवलं.

तुमचं उदबत्तीचं भोक. झिजलेल्या भागाच्या जरा कडेला, करंगळी जाईल एवढं. तुम्ही किती कौतुकाने सांगायचात, कुणीतरी देवभोळा सुतार असणार, उंबरठ्यावर उदबत्ती लावायला मुद्दाम भोक ठेवलंय, परक्या मुलखात आल्या आल्या पहिली आपुलकी वाटली ती त्या भोकाची. रोज सकाळी एक उदबत्ती मोडून तुम्ही अर्धी देवाला आणि अर्धी तिथे लावायचात. फ्लॅटमध्ये आल्यावर दाराला उंबरठाच नाही, नुसती लोखंडी पट्टी, तर तिच्यावर कुंकवाची बोटं उमटवलीत, आणि इमारतीचा सफाईवाला गंज समजून ते ब्रशने घासून गेला. तुम्ही आठवडाभर त्याच्या वाकून केलेल्या नमस्काराला उत्तर दिलं नव्हतंत!

मोरी-सान विचारत होती, आत काळं काळं काय आहे? मी सांगितलं. ती आधी हसली, मग टेपने भोक टोकापासून किती लांब आहे ते मोजायला लागली. म्हणाली, हे भोक खिट्टीचं आहे. दोन फळ्यांचं दार असतं ना, त्यातल्या एका फळीची उभी खिट्टी वरून खाली उंबरठ्यात उतरते, तिच्यासाठी. पण हे मागचं दार तर एका फळीचं. इथे खिट्टीचं भोक कशाला?

आणि परत पुढे आलो तेव्हा आणखी एक गोष्ट ती जाता जाता बोलली. पुढच्या दाराची चौकट जुनी, दोन्ही फळ्या जुन्या, पण उंबरठा नंतरचा. मूळ उंबरठा जास्त जाड होता, खुणा दिसतात. तो कुठे गेला, कुणाला ठाऊक नाही.

चढण उतरताना मला शेठाणी आठवल्या.

मी त्यांना पाहिलेलं नाही, पण तुम्ही त्यांची नक्कल करायचात ना, पदर सावरत, नाक वर करून? घर घेतलं त्या दिवशी शेठाणी फाटकातच अडून बसल्या. आत यायलाच तयार नाहीत. "ना रे बाबा. कुणाकुणाचे बूट पडलेत त्या उंबऱ्यावर, मटण खाणाऱ्यांचे, दारू पिणाऱ्यांचे. तो काढा, नवा बसवा, पूजा करा, मग मी लक्ष्मीचं पाऊल टाकीन." आणि शेठजींनी खरंच नवा सागवानी उंबरठा बसवला. ही गोष्ट तुम्ही मला शेठाणींचा तोरा दाखवायला सांगायचात. झिजलेल्या उंबरठ्याचा प्रश्न वेगळ्या वेळी विचारायचात. दोन्ही गोष्टी तुमच्याच तोंडून शंभरदा ऐकल्या, पण त्या एकमेकींशेजारी ठेवून बघायचं ना तुम्हाला सुचलं ना मला!

शेठजी काही टाकून देणारे नव्हते. चांगलं लाकूड, मागे कामाला येईल. दोन्ही टोकं कापून मागच्या दाराला बसवलं असणार.

मी रस्त्यातच थांबले. हे म्हणाले, पाय दुखतोय का? मी सांगितलं. ह्यांना समजायला वेळ लागला नाही, इंजिनियर माणूस. उंबरठा पुढचा असेल, तर तो मागे आला शेठजींच्या वेळी. म्हणजे मागचं दार शेठजींच्या वेळचं. म्हणजे खोल्या जुन्या असल्याचा पुरावाच गेला.

"कुणाला बोलू नकोस," हे म्हणाले.

घरी आलो. जेवताना म्हणाले, "तुला कुणी विचारलंय का? ती मुलगी स्वतःच म्हणतेय की खोल्या जुन्या आहेत. म्हणू दे." मी म्हटलं, पण ते खरं नसलं तर? तेव्हा ताट सरकवून म्हणाले, "आईचं स्वयंपाकघर पाडायला तू निघालीस, सुमन."

आई, हे मला लागलं. तुमच्या मुलाने एवढं कडू मला कधी ऐकवलं नव्हतं. आणि त्यांचंही चुकीचं कसं म्हणू? ज्या खोलीत जन्मलो ती जगात अजून उभी आहे, असं किती जणांना म्हणता येतं? माझं माहेर तर रस्ता रुंद करताना गेलं.

मी देवापुढे बसले. तुम्ही शिकवलंत तसं, काही मागायचं नाही, नुसतं बसायचं. मनात एकच येत होतं. गप्प राहिले तर तुमचं स्वयंपाकघर राहील. बोलले तर तुमचं उत्तर मिळेल. दोन्ही तुमचंच, आणि दोन्ही एकदम मिळणार नाही. तुम्ही काय मागितलं असतंत?

त्या घरात चूल फुंकून डोळे लाल व्हायचे, हिवाळ्यात हंड्यातलं पाणी गोठायचं, हे तुम्हीच सांगितलंत. "परत जाऊन राहायची इच्छा होते का," असं मी एकदा विचारलं तर तुम्ही म्हणालात, "कशाला? धूर खायला?" पण उंबरठ्याचं विचारायचं तुम्ही शेवटपर्यंत सोडलं नाहीत. हॉस्पिटलमध्ये नर्सलाही विचारलंत, मराठीत! तिने उशी सरळ करून दिली.

आणि खरं सांगू? सत्याची चाड वगैरे होतीच, पण त्याहून जास्त मला खाजच सुटली होती. ते भोक पुढच्या दाराच्या खिट्टीखाली बसतं की नाही, ते बघितल्याशिवाय मला झोप लागणार नव्हती. हा गुण तुमच्याकडूनच आला. माहेरी मी अशी नव्हते.

सकाळी ह्यांना चहा दिला आणि म्हटलं, मी वर जातेय. तुम्ही आला नाहीत तरी चालेल. हे पेपरातून मान वर न काढता म्हणाले, "बसने जा. उगीच चालू नकोस." मी चालत निघाले. अर्ध्या चढणीवर मागून हाक आली. हे! इस्त्री न केलेल्या शर्टात, धापा टाकत. पाचेक पावलं बरोबर चालले. मग म्हणाले, "आईने मलाही विचारलं होतं. मी म्हटलं होतं, उंदरांनी कुरतडला असेल."

मोरी-सानला मी सगळं सांगितलं. शेठाणींची नक्कलही केली, तुमच्याइतकी नाही जमत. तिने केसांतली पेन्सिल काढली आणि पुन्हा खोचली. तिलाही त्या खोल्या राखायच्या होत्या ना! मग म्हणाली, "ताशिकामेमाशो." म्हणजे खात्री करून घेऊ.

मागच्या उंबरठ्यावर तिने पातळ कागद पसरला, पेन्सिल आडवी धरून घासली. झिजलेली पन्हाळ, भोक, कापलेली टोकं, सगळं कागदावर उतरलं. तो कागद आम्ही पुढच्या दाराशी नेला. टेपचं एक टोक तिने धरलं. दुसरं कोण धरणार? ह्यांनी पुढे होऊन धरलं. पन्हाळीचा मध्य दाराच्या मध्याला लावला. मग तिने दाराच्या डाव्या फळीवरची जुनी खिट्टी, रंगांचे थर बसून घट्ट झालेली, हळूहळू ठोकून मोकळी केली आणि खाली सोडली.

खिट्टी कागदावर टेकली ती बरोब्बर भोकावर. कागद फाटून खाली गेली.

हे म्हणाले, "घे. मिळालं तुझ्या सासूला उत्तर." आणि लगेच खिशातून रुमाल काढून चष्मा पुसायला लागले.

तर आई, ऐका. तो उंबरठा झिजवला बुटांनी. पहिल्या साहेबाच्या, त्याच्याकडे चहाच्या सौद्याला येणाऱ्यांच्या, मेजवान्यांना येणाऱ्या कप्तानांच्या, गाणीबजावणी करणाऱ्या त्यांच्या मडमांच्या. ज्यांना उंबरठ्यावर पाय देऊ नये हे कुणी शिकवलं नाही, अशा सगळ्यांनी मिळून. तुमची शंका खरी होती, तो तुमच्यासारख्या कुणी झिजवलाच नव्हता. आणि देवभोळा सुतार नव्हता. असलाच, तर तो उदबत्तीसाठी भोक पाडणारा नव्हता, एवढंच.

पुढच्या दाराने तुम्हाला कुणी कधी बोलावलं नाही, आणि पुढच्या दाराचा उंबरठा रोज सकाळी तुम्ही पुसत होतात, सारवल्यासारखा हात फिरवत होतात, कुंकू लावत होतात! हे मला हसू येण्याजोगं वाटतं की काय वाटतं, ते अजून कळलेलं नाही.

तिकडे त्या नदीकाठच्या घरातही मागच्या बाजूला कुणीतरी तुमच्यासारखी चुलीपुढे बसत असणार. तिला तर घरी जायचीही मुभा नव्हती. तिच्या दाराला कसला उंबरठा होता? तो कुणाला माहीत असेल? मोरी-सानला विचारलं. ती म्हणाली, तिकडे मोठी घरं पुष्कळ राखली, मागच्या खोल्या बहुतेक गेल्या.

हे तिने सांगितलं आणि आम्ही तिघंही एकदम मागच्या छपराकडे बघितलं.

समितीची बैठक काल झाली. मोरी-सानने सगळं खरं ते मांडलं आणि शिवाय भांडलीही. शेठजींचा काळ हाही त्या घराचा इतिहासच नाही का, म्हणाली. मी मागच्या खुर्चीवर बसून मान हलवत होते. मला विचारलं तेव्हा मीही उठून माझ्या बाजारी जपानीत बोलले, की माणसाचं पहिलं वय तेवढं खरं आणि नंतरची वयं खोटी असं कुणी म्हणतं का, मग घराचं कसं म्हणता? म्हातारे गृहस्थ अध्यक्ष आहेत, त्यांनी फार अदबीने ऐकून घेतलं. पण ठरायचं ते ठरलं. पैसा पहिल्या मालकाचं घर म्हणूनच मिळालाय. खोल्या जाणार, आई. पावसाळ्याआधी उतरवतील. पायाचे दगड तेवढे बागेत जागच्या जागी ठेवायचं त्यांनी कबूल केलं, म्हणजे चूल कुठे होती ते ईराला दाखवता येईल. टोपीचा खिळा ह्यांना काढून दिला. तो आत्ता तुमच्या फोटोशेजारी आहे, काय म्हणून ठेवलाय ते विचारू नका.

तुम्ही रागावलात का? रागावला असाल तर माझ्यावर रागवा, तुमच्या मुलावर नको. त्याने शेवटी टेप धरली, पण मनावर दगड ठेवून.

आणि उंबरठा? तो पुढे जाणार. टोकांना नवं लाकूड जोडून मूळ जागी बसवणार. शेठाणींचा सागवानी काढणार. त्या वर कुठे असतील तिथे नाक वर करून तुम्हाला काही बोलल्या, तर गप्प बसू नका.

मी एकच मागून घेतलं. जुन्या लाकडातली भोकं हे लोक गुट्ट्या ठोकून बुजवतात. म्हटलं, ते भोक बुजवू नका. मोरी-सान म्हणाली, बुजवून कसं चालेल, खिट्टीला लागणार ना ते! रात्री दार लावलं की खिट्टी आत उतरेल. दिवसा दार उघडं असेल तेव्हा भोक रिकामं. कुंकवाची झाकही ती खरवडू देणार नाही. उंबरठ्याशेजारी लावायच्या पाटीवर काय लिहायचं ते मला विचारून लिहीन म्हणाली. मी तुमचं नाव देवनागरीत काढून दिलंय, माझ्या अक्षरात.

तेव्हा आता माझा शब्द घ्या. घर लोकांसाठी उघडतील त्या सकाळी मी आणि हे पुढच्या फाटकाने जाऊ. ह्यांचे पाय बोळाकडे वळले तर मी कोपर धरीन. ईरा बरोबर असेल, तिला पाय न देता ओलांडायला मी शिकवीन, जपानीत विचारलं तरी मराठीत. आणि त्या भोकात उदबत्ती लावीन. पेटवायची परवानगी नाही, लाकडी घर आहे, हे आधीच बजावलंय. नुसतीच उभी करायची. तुम्ही म्हणाल, मग संध्याकाळी ती परत घेऊन ये, घरी देवाला होईल.

नाही आणणार, आई. तिथेच ठेवून येणार. आणि मोडून अर्धी नाही, अख्खी.

तुमची सून,
सुमन